प्लेटवर ३ एचपी, आत १ एचपी : टेबल सॉ घेताना माझे ३९,४०० रुपये गेले

३९,४०० रुपये. आकडा पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण घरात मी अजून ‘तीसेक हजार’ असंच म्हणतो आणि दर वेळी बायको माझ्याकडे बघते.

आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारात चौथी पिढी. चौतीस वर्षं एका कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली. निवृत्त झाल्यावर पाट, चौरंग, देव्हारे करायला लागलो. लोकांना आवडले, ऑर्डरी येऊ लागल्या. पण दीड इंची सागाची फळी हातकरवतीने उभी चिरायची म्हणजे रात्री खांदा उशीला टेकवत नाही. म्हणून टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेलं फिरतं ब्लेड असलेली विजेची करवत, शोधत होतो, आणि ती जाहिरात दिसली. ‘कारखाना बंद, १० इंची ब्लेड, ३ एचपी सिंगल फेज, तातडीने विकणे आहे.’ एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, मोटारची ताकद. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. अजून दोन गिऱ्हाइकं निघालीत, टोकन द्या म्हणजे थांबवतो. दिले २,०००.

मकरपुऱ्यातल्या एका शेडमध्ये मशीन दाखवलं. निळं टेबल, स्वच्छ पुसलेलं. पोऱ्याने १२ एमएमचं प्लाय टाकलं आणि काकडी चिरावी तसं चिरलं. मी म्हटलं, सागाचा तुकडा लावून बघू. सागच नव्हता म्हणे शेडमध्ये! तिथेच परत फिरायला हवं होतं. लाकडाचं मशीन विकणाऱ्याकडे लाकडाचा तुकडा नाही, हे मी ऐकून घेतलं. तुम्ही जाल तेव्हा आपली फळी बगलेत मारून न्या, ज्या लाकडावर काम करणार तीच, तेवढ्याच जाडीची.

पण ती चूक मी एक वेळ स्वतःला माफ करीन. दुसरी करत नाही. मोटारवर तिची माहिती लिहिलेली पत्र्याची प्लेट असते, तिचा फोटो मी स्वतः काढला होता. त्यावर स्पष्ट होतं : ३ एचपी, २३० व्होल्ट, ७ अँपिअर, १४४० आरपीएम. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. तीन म्हणजे २,२३८. आणि मोटार आत घेते ते वॅट म्हणजे ढोबळमानाने व्होल्ट गुणिले अँपिअर. २३० गुणिले ७ किती? १,६१०. म्हणजे मोटार आत घेतेय १,६१० आणि बाहेर देतेय २,२३८! असं यंत्र जगात नाही. खऱ्या ३ एचपी सिंगल फेज मोटारला चालताना पंधरा-सोळा अँपिअर लागतात, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट क्षणभर. फसवणाऱ्याने एचपीचा आकडा बदलला आणि अँपिअर तसाच राहू दिला. ज्या माणसाने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरमधली चूक शोधली, त्याच्या हातात हा फोटो रात्रभर होता. मी झूम करून रंग बघत होतो, गंज आहे का ते बघत होतो. एक गुणाकार केला नाही. आजही झोप लागत नाही तेव्हा तो फोटो डोळ्यांसमोर येतो.

उरलेले २६,५०० दिले, टेंपोचे ९००. घरी पहिलीच सागाची फळी लावली. चार इंच गेली आणि मोटार गुरगुरून थांबली, जळका वास. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “काका, तमारे त्यां वोल्टेज ओछा आवे छे.” तुमच्याकडे वोल्टेज कमी येतं म्हणे. आणि मी ऐकलं. का नाही ऐकणार? जुना वाडा, जुनी वायरिंग, मलाही ते पटलं. त्याच्याच ‘ओळखीच्या’ माणसाकडून ७,२५० चा स्टॅबिलायझर आणि २,४०० चा ‘ऑटोमॅटिक स्टार्टर’ आला. शेजारच्या मुलाने नंतर मीटर लावून दाखवलं : सॉकेटवर २२८ व्होल्ट, मशीन अडलेलं असतानाही २२१. वोल्टेजचा काही दोष नव्हता. अडलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचते आणि तापते, वास त्याचा होता. कुणी वोल्टेजचं नाव काढलं की आधी लोडवर, म्हणजे मशीन लाकूड चिरत असताना, मोजा. पातळ, लांब एक्स्टेंशन वायर असेल तर मात्र वोल्टेज खरोखर पडतं, तेव्हा तांब्याची किमान २.५ चौरस एमएमची वायर, तीही आखूड, आणि १६ अँपिअरचं सॉकेट. अर्थिंग तपासून घ्या. माझ्या मशीनच्या प्लगमध्ये अर्थची पिन होती, वायर जोडलेलीच नव्हती.

आता त्या स्टार्टरचं ऐका, कारण पैशांपेक्षा हे मोठं आहे. जूनमध्ये एका संध्याकाळी पाऊस सुरू झाला आणि लाइट गेली. मशीन थांबलं. मी स्विच बंद न करता ब्लेडजवळचा भुसा ब्रशने काढायला वाकलो. लाइट आली आणि ब्लेड आपोआप फिरलं. ब्रशचे केस उडाले. माझी बोटं चार अंगुळं लांब होती. खऱ्या स्टार्टरमध्ये कॉइल असते. वीज गेली की ती सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. माझ्या डब्यात पत्र्याच्या आत साधा स्विच आणि एक कपॅसिटर निघाला. २,४०० रुपयांना! विकत घेताना मशीन चालू ठेवून मेन बंद करा, परत चालू करा. ब्लेड फिरलं तर उठून या.

ब्लेडच्या मागे एक उभी पट्टी असते, रायव्हिंग नाइफ. चिरलेली फट ती मिटू देत नाही, त्यामुळे लाकूड ब्लेडच्या मागच्या दातांना चावत नाही. माझ्या मशीनला तिची भोकं होती, पट्टी नव्हती. “ए तो बधाय काढी नाखे छे,” सगळेच काढून टाकतात म्हणे. जुलैत फळीचा तुकडा त्या दातांनी उचलला आणि माझ्या पोटावर फेकला. पंधरा दिवस काळानिळा होतो. ब्लेडच्या सरळ रेषेत उभं राहू नका. शेवटचा भाग हाताने नाही, काठीने ढकला. हातमोजे घालू नका, ब्लेड मोज्यासकट बोट ओढतं. ब्लेड बदलताना स्विचवर विसंबू नका, प्लगच काढा. आणि त्याने दिलेलं ब्लेड ८० दातांचं प्लायचं होतं. साग उभा चिरायला २४ दातांचं लागतं, हेही मला उशिरा कळलं.

शेवटी रिवाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटारची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्याकडे, नेली मोटार. ३५० रुपये घेतले. त्याने नखाने प्लेटचा कोपरा उचलला, वरचं स्टिकर सालीसारखं निघालं. खाली १ एचपी, ७ अँपिअर. आत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार. तो हसला नाही, याबद्दल त्याचे आभार.

विक्रेत्याचा फोन बंद. शेडमध्ये दुसराच भाडेकरू. मग सुरू झालं सरकारी दारं झिजवणं. पोलीस चौकीत विचारलं, “मशीन चाले छे ने, काका? तो छेतरपिंडी शानी?” मशीन चालतं म्हणून फसवणूक नाही! खोटं स्टिकर लावून एका मोटारची दुसरी केली, याला काय म्हणायचं? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. मी कलम सांगितलं तर म्हणाले, हा दिवाणी मामला. तीन खेपा, दोन अर्ज, एकाचीही पोच मिळाली नाही. पोच मिळाल्याशिवाय अर्ज देऊन उठू नका. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. वीज कंपनीच्या कार्यालयात फक्त वोल्टेज मोजून लेखी द्या म्हणालो, तर लोड वाढवायचा फॉर्म पुढे सरकवला. आणि ग्राहक तक्रारीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, तुम्ही देव्हारे विकता, म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही. हे सरळ चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीही नाही. मुदत दोन वर्षं. हे मला त्या खिडकीने नाही सांगितलं, वाचनालयात बसून मी वाचलं. तक्रार आता ऑनलाइन दाखल केलीय, स्टिकर, प्लेट आणि चॅटच्या फोटोंसकट. चॅट पुसू नका, रागाच्या भरात तर मुळीच नाही.

माझे आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली संस्था, हाताने काम करणाऱ्यांसाठी. त्यांच्या नातवाला त्याच शहरात स्टिकर चिकटवलेली मोटार विकली, आणि त्याच शहरातली कार्यालयं म्हणतात मशीन चालतं ना.

परवा तीच जाहिरात परत दिसली. नंबर नवा, टेबल निळंच. आता ५ एचपी म्हणतोय, ३४,००० ला. प्लेटचा फोटोही टाकलाय. अँपिअर अजून ७ च आहेत.