सेल नको, वायर नको: कोणतं घड्याळ घ्यावं?

माहेरी, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, आई एकटीच असते. घड्याळाचा सेल संपला की स्टुलावर चढायची. एकदा तोल गेला, थोडक्यात वाचली. तेव्हापासून मी दुसरा उपाय शोधू लागले. प्लगवरचं घड्याळ बादच, कारण पावसाळ्यात फांदी पडली की वीज गेलीच.

सोलर घड्याळ आधी मनात भरलं. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, काटे हलवायला वीज अगदी नाममात्र लागते. कॅल्क्युलेटरवर असते तशी पट्टी घरातल्या उजेडातही तेवढी वीज देते. अडचण साठवणुकीची. 10 फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) जेमतेम एक दिवस-रात्र काढतो. आणि आमच्याकडे, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नाही. कौलारू घराचं माजघर तर दुपारीही काळोखं. बागेतल्या सोलर दिव्याचा 1.2 व्होल्टचा रिचार्जेबल सेल जोडला तर घड्याळ उजेडाविना काही महिने चालतं. पण तोही सेलच, काही वर्षांनी थकणारा. खिडकीजवळ जागा असेल किंवा घर बरेच दिवस बंद राहत असेल, तर मी हेच सुचवेन. बंद घरात साधा सेल पाझरून पत्र्या गंजतात, ते मी पाहिलंय.

हवेतल्या तापमानाच्या फरकावर चालणारं 'अ‍ॅटमॉस' स्वित्झर्लंडमध्ये बनतं. एका अंशाच्या फरकावर ते दोन दिवस चालतं. किंमत लाखांत, म्हणून विषय संपला.

राहिलं चावीचं, लंबकाचं घड्याळ. त्याला उजेड लागत नाही, वीजही नाही. आठवड्यातून एकदा चावी द्यायची. वेळ मात्र क्वार्ट्झइतकी अचूक नाही. लंबकाची दांडी पोलादी असेल तर उन्हाळ्यात ती किंचित लांबते आणि 10 अंशांच्या वाढीला दिवसाकाठी सुमारे 5 सेकंद मागे पडतात. लंबकाखालची चकती फिरवून ते सावरता येतं. घड्याळ सरळ टांगलेलं हवं, दमट हवेमुळे तीन-चार वर्षांनी तेलपाणीही हवं. घेण्याआधी जवळपास जुनी घड्याळं उघडणारा कारागीर आहे का, हे विचारून ठेवा. आणि ते उंच टांगू नका, नाहीतर चावीसाठी पुन्हा स्टूल आलंच.

आईसाठी हेच घेतलं, देवघराशेजारी छातीच्या उंचीवर लावलं. सोमवारी पूजा आटोपली की ती चावी देते. टोले ऐकू आले नाहीत तर शेजारच्या काकू डोकावून जातात.