ऑफिसातला सीनियर की करिअर कोच?

नोकरीत गाडी अडली की दोन दारं दिसतात: ऑफिसातला एखादा जुना जाणता, नाहीतर पैसे घेणारा कोच. मी दोन्ही ठोठावली.

सीनियर टपरीवरच्या कटिंगसोबत फुकट सांगतो, आणि आतलं सांगतो. प्रमोशनची यादी खरी कोण ठरवतं, कुठल्या प्रोजेक्टला हात लावू नये, हे बाहेरच्या कोचला कुठून ठाऊक? पण तो स्वतःचीच वाट दाखवतो. आणि ‘मला हे कामच नकोय’ असं त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. उद्या अप्रेझलच्या मीटिंगला तोच बसलेला असतो.

कोच उत्तरच देत नाही, याचा मला आधी रागच आला. पहिल्या तासाला पंधरा मिनिटं मी साहेबांच्या नावाने बोटं मोडली. बाईंनी शांतपणे विचारलं, “यातलं तुमच्या हातात काय आहे?” वहीत जेमतेम दोन ओळी उतरल्या. पुढच्या भेटीत त्या दोन ओळींचं काय झालं, हे त्यांनी विचारलंच. असा हिशेब सीनियर मागत नाही.

खिसा मात्र हलका होतो. शिवाय कोचची पाटी कोणीही लावतो, म्हणून इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. त्यांच्या एसीसी या पहिल्या पायरीला किमान 100 तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसी या त्यापुढच्या पायरीला 500.

नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील तर माझं मत सीनियरला. दहा वर्षांनी रस्ताच बदलायचा असेल तर कोच. झोप उडाली असेल, रडू येत असेल, तर दोघंही नकोत. आधी समुपदेशक गाठा.