पहिले गोंदण: पारंपरिक नमुना, अक्षरे की चित्र?

पहिले गोंदण आपल्या घराशी आणि मातीशी नाते सांगणारे असावे, असे ज्यांना वाटते त्यांच्यापुढे महाराष्ट्रात सहसा तीन पर्याय असतात: आजी-पणजीच्या हातावरचे पारंपरिक नमुने, देवनागरी वा मोडीतली अक्षरे, किंवा देवाचे अथवा शिवरायांचे चित्र. ते जत्रेत गोंदवावे की स्टुडिओत, हा प्रश्न वेगळा आहे. पण परंपरेचा नमुना हवा तर तो परंपरेच्याच पद्धतीने काढून घेतला पाहिजे, असे समजून अनेकजण दोन्हींची गल्लत करतात.

मला ते पटत नाही. जत्रेतल्या बॅटरीवरच्या यंत्राची एकच सुई अनेकदा एकामागून एक कित्येक हातांवर चालते आणि शाईचे भांडेही सर्वांना मिळून एकच असते. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात हे ठाऊक असताना केवळ हौसेखातर हा धोका पत्करू नये. चांगल्या स्टुडिओत सुईचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात, शाई लहानशा टोपणात तुमच्यापुरती ओततात आणि उरलेली टाकून देतात. एवढे डोळ्यांनी दिसले नाही, तर स्टुडिओ कितीही झगमगीत असला तरी तेथून उठून यावे.

नमुन्यांत माझा कल पारंपरिक गोंदणाकडे आहे, आणि त्याचे कारण केवळ भावनिक नाही. तुळस, विंचू, हनुवटीवरचे ठिपके हे नमुने एकत्र बांधलेल्या सुया काजळीत बुडवून हाताने टोचले जात, त्यामुळे ते ठिपक्यांचे आणि आखूड रेषांचे, मोकळ्या घडणीचे असतात. शाई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसते, वर्षांगणिक थोडी पसरते आणि काळा रंग निळसर-हिरवट दिसू लागतो. वृद्ध स्त्रीच्या हातावरचे गोंदण नीट पाहिले, तर ठिपके जाड झालेले दिसतात, तरी तुळस तुळस म्हणून ओळखू येते. मेल्यावर दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, अशी श्रद्धाही त्यामागे आहे. मात्र नमुना उचलण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांशी बोलावे. त्यांतल्या अनेकींना ते लहान वयात, त्यांची इच्छा न विचारताच गोंदले गेले होते, आणि तेही त्या खुणेच्या अर्थात धरावे लागते.

अक्षरांचे गणित अवघड आहे. आईचे नाव किंवा अभंगाची ओळ बारीक अक्षरात गोंदवली, तर शाई पसरल्यावर ‘ध’, ‘ष’, ‘क्ष’ यांच्या आतल्या पोकळ्या भरतात आणि जोडाक्षरे वाचेनाशी होतात. म्हणून शब्द मोजके आणि अक्षर मोठे ठेवावे. मोडीच्या बाबतीत अधिकच जपावे लागते, कारण कारागीर आकार पाहून उतरवतो, त्याला चूक कळेलच असे नाही. मोडी वाचणाऱ्या जाणकाराला मजकूर आधी दाखवून घ्यावा.

चित्राला जागा, पैसा आणि कौशल्य तिन्ही जास्त लागतात, आणि चेहऱ्यातली थोडीशी चूकही लगेच डोळ्यांत भरते. देवाचे चित्र पायावर असले तर अनेकांच्या भावना दुखावतात. शिवाय ते पुढे काढायचे ठरले, तर लेझरला काळी शाई त्यातल्या त्यात लवकर दाद देते. हिरवे, पिवळे रंग चिवट असतात आणि बैठका वाढत जातात.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी नमुन्याआधी जागा ठरवावी. सैन्यात कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूस किंवा पंज्याच्या मागील बाजूस चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत धार्मिक चिन्ह वा नाव चालते, पण ते डाव्या हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूस किंवा पंज्याच्या मागे, आणि त्या अवयवाच्या पाव भागाहून लहान असावे लागते. छातीवरचे मोठे चित्र येथे आड येते, मनगटाजवळची छोटी तुळस येत नाही. तरीही त्या वर्षीची जाहिरात वाचूनच निर्णय घ्यावा.

ज्यांच्या जखमांचे व्रण फुगून वर येतात त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी मात्र तारीख रक्तदानानंतरचीच धरावी, कारण गोंदवल्यापासून वर्षभर रक्त देता येत नाही.