कोजागरीचा वाद्यवृंद आणि आधीच गेलेली बिदागी

पुण्याच्या उपनगरातील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेने गेल्या कोजागरीला जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचा वाद्यवृंद ठेवला होता. ठरलेल्या कलाकारांपैकी काही आलेच नाहीत, जे आले त्यांतले निम्मे प्यायलेले होते, आणि पहिले गाणे सुरू होण्यापूर्वीच सगळे पैसे आमच्या हातून गेलेले होते. या तिन्ही गोष्टी एकाच धाग्याने बांधलेल्या आहेत. लग्न, सहस्रचंद्रदर्शन, गणेशोत्सव किंवा निवृत्तीचा समारंभ अशा कोणत्याही निमित्ताने वाद्यवृंद ठरवणाऱ्याला हा प्रसंग भोगावा लागू शकतो, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

आम्ही ज्याच्याशी बोलणी केली तो गृहस्थ स्वतः गातही नाही आणि वाजवतही नाही. तो कार्यक्रमाची सुपारी घेतो, विसार म्हणजे आगाऊ रक्कम घेतो आणि त्या तारखेला जे वादक मोकळे असतील त्यांना गोळा करून आणतो. एवढ्यात गैर काहीच नाही. या धंद्यातले बहुतेक वादक एकाच हंगामात निरनिराळ्या संचांबरोबर वाजवतात आणि त्यावरच त्यांचे घर चालते. गैर हे होते, की आम्हाला पाठवलेल्या चित्रफितींतील एकही वादक त्या रात्री मंचावर नव्हता. ठरले होते ते असे: दोन गायक, एक गायिका, निवेदक, कीबोर्ड, तबला-ढोलकी, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), बेस गिटार आणि बासरी, बिदागी ९०,००० रुपये, पैकी ३०,००० विसार. हे सारे व्हॉट्सॲपवर लिहून आले होते. त्याखाली एक ओळ होती: "उर्वरित रक्कम कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी."

ही अट उगाच पडलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कार्यक्रम संपला, पाहुणे पांगले, की काही यजमान हिशेबात काटछाट करतात, "गर्दी झाली नाही" म्हणून हात आखडता घेतात, आणि मध्यरात्री वाद्ये टेम्पोत भरून निघालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी फेऱ्या मारायला लावतात. कलाकारांनी आधी पैसे मागावेत हे त्यामुळे समजण्यासारखे आहे. मात्र हीच अट फसवणाऱ्याच्या हातात पडली म्हणजे काय होते ते पाहा.

ध्वनिचाचणीसाठी संच पाच वाजता यायचा होता. तो पावणेआठला आला, आणि आला तोसुद्धा अपुरा. वादक प्रवेशद्वाराबाहेर गाडीतच बसून राहिले आणि आमच्याशी बोलणी केलेला तो व्यवस्थापक एकटाच आत आला. खुर्च्या भरलेल्या होत्या, मसाला दूध उकळत होते, मुले मंचावर पळत होती. त्याने खिशातून छापील पावती काढली. त्या पावतीवर एकाच सहीच्या वर दोन वाक्ये होती: उर्वरित रक्कम मिळाली, आणि कार्यक्रम समाधानकारकरीत्या पार पडला. न झालेल्या कार्यक्रमाचे हे समाधानपत्र! आमच्या खजिनदारबाई बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी दुसरे वाक्य खोडले, खोडल्यावर वेळ लिहिली, पावतीचा फोटो काढला आणि मगच सही केली. वादक आत आल्यावर पैसे देतो, असे मी सुचवले तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, पेमेंट झाल्याशिवाय साउंडवाला सिस्टीमच चालू करत नाही. आमच्याकडे पद्धतच तशी आहे. पब्लिक बसलंय, उशीर तुमचाच होतोय." साठ हजार त्याच्या खात्यात जमा झाल्याचा संदेश आला आणि त्यानंतर गाडीचे दार उघडले.

कीबोर्डवादकाला मंचाच्या तीन पायऱ्या चढायला दुसऱ्याचा खांदा लागला. तबलजी तबला स्वरात लावायला बसले. हातोडीचा घाव गजऱ्यावर, म्हणजे पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर पडायला हवा. त्यांचे दोन घाव चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर पडले आणि तिसऱ्या वेळी हातोडीच हातून निसटली, डग्ग्याला लागून मंचाखाली गेली. समोरच्या रांगेतल्या एका मुलाने ती आणून दिली, आणि परत येऊन आईला सांगितले की त्या काकांच्या तोंडाला वास येतो. पहिल्या गाण्याला गायकाची पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीपासूनची, होती. कीबोर्डवर पट्टी बदलणारे ट्रान्सपोजचे बटण कुठल्या तरी आधीच्या कार्यक्रमातले तसेच राहिलेले होते, त्यामुळे वाद्य एका पट्टीत आणि गळा दुसऱ्या पट्टीत असा अख्खा मुखडा झाला, आणि दोघांपैकी एकालाही ते जाणवले नाही. शुद्धीवरचा साधारण वादकसुद्धा हे पहिल्या ओळीतच सावरतो. गायक शब्द टॅबलेटवर पाहून गात होता. बोट घसरले, पुढचे गाणे उघडले आणि त्याने पहिल्या गाण्याच्या चालीत दुसऱ्याचा अंतरा म्हणून टाकला. इथपर्यंत लोक हसत होते. नंतर त्याने पुढच्या रांगेतल्या बायकांना उद्देशून जे दोन विनोद केले, त्यानंतर हसणे थांबले आणि काही कुटुंबे उठून गेली.

गायिका आणि ऑक्टोपॅड वाजवणारा तरुण पूर्ण शुद्धीवर होते, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. ती बाई एका हाताने माईक धरून दुसऱ्या हाताने मांडीवर ताल देत तबलजींना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवत होती. तिची दोन गाणी तेवढी गाणी म्हणण्यासारखी झाली.

मध्यंतरानंतर आणखी एक प्रकार घडला. वादकांकडून काही होणार नाही हे ओळखून साउंडवाल्याने तयार ट्रॅक लावायला सुरुवात केली. गायकाचा आवाज नसलेला मायनस ट्रॅक लावला असता तर एक वेळ चालले असते, पण एका गाण्यात मूळ ध्वनिमुद्रणच लावले आणि गायक नुसता ओठ हलवत राहिला. बासरीवादक आलेलाच नसताना बासरी वाजू लागली, तेव्हा मागून एका आजोबांनी "बासरीवाले कुठे बसलेत?" असे मोठ्याने विचारले. माईक दहाला बंद करणे भागच होते. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि आमची परवानगीही तेवढीच होती. तीन तासांचा म्हणून विकलेला कार्यक्रम उशीर आणि मध्यंतर वजा जाता दीड तासही झाला नाही.

मी व्यवस्थापकाला बाजूला घेऊन जाब विचारला. आधी तो म्हणाला की कीबोर्डवाल्याने सर्दीचे औषध घेतले आहे. मग म्हणाला, "कलाकार माणसं आहेत, काका, थोडी घेतल्याशिवाय गाणं रंगत नाही." हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे खपते, की त्याचा समाचार घ्यायलाच हवा. त्यासाठी नेहमी जुन्या हिंदी चित्रपटांतील गायक-नट कुंदनलाल सैगल यांचे नाव पुढे केले जाते. पण संगीतकार नौशाद यांनी सांगितलेली आठवण नेमकी उलट आहे: १९४६ च्या 'शाहजहान' या चित्रपटाचे एक गाणे सैगल यांनी मद्य घेऊन आणि न घेता असे दोन्ही प्रकारे गायले, आणि ऐकून पाहिल्यावर न घेता गायलेलेच त्यांना स्वतःला सरस वाटले. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. सैगल यांचा दाखला देऊन पट्टी चुकवणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

सामान भरताना गायिकेने आमच्या खजिनदारबाईंची क्षमा मागितली आणि जाता जाता सांगितले की तिला आणि त्या तरुणाला अजून एक रुपयाही मिळालेला नाही. कलाकारांसाठी म्हणून आगाऊ घेतलेले पैसे कलाकारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. वादकांना ऐनवेळी, कमी पैशांत, जसे मिळतील तसे आणायचे आणि त्यांची अवस्था कोणाच्या नजरेस पडण्याआधी रक्कम खिशात घालायची, हा त्या रात्रीचा खरा व्यवहार होता. दारू ही त्यातली केवळ दिसून आलेली बाजू.

दुसऱ्या दिवशी पैसे परत मागितले, तेव्हा त्याचा सूर बदललेला होता: "कोण प्यायलं होतं, पुरावा काय?" सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद होऊन गैरवर्तन करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८५ खाली गुन्हा आहे, पण त्यासाठी त्याच वेळी पोलिसांना बोलावून वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, आणि सणाच्या रात्री, मुलाबाळांसमोर, आमच्यापैकी कोणालाही ते करावेसे वाटले नाही. फसवणारे नेमके याच संकोचावर जगतात. तथापि पैसे परत मिळवण्यासाठी दारू सिद्ध करण्याची गरजच नाही, हे आम्हाला आमच्या इमारतीतील एका वकीलबाईंनी समजावले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी म्हणजे कराराने कबूल केलेल्या सेवेच्या दर्जात, स्वरूपात किंवा ती देण्याच्या रीतीत राहिलेली कोणतीही उणीव. नऊ कलाकार कबूल करून सहा आणणे, तीन तासांऐवजी निम्मा वेळ देणे, जिवंत वादनाऐवजी ध्वनिमुद्रण वाजवणे, हे सारे त्यात बसते. कोणाच्या पोटात काय होते हा प्रश्न तिथे येतच नाही. या कायद्यातील व्यक्तीच्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. आम्ही रहिवाशांनी काढलेल्या चित्रफिती, व्हॉट्सॲपवरील मजकूर आणि खोडलेल्या वाक्याची ती पावती जोडून नोटीस पाठवली. उत्तरात त्याने पुढच्या वर्षी विनामूल्य कार्यक्रम करण्याची तयारी दाखवली, ती आम्ही लेखी नाकारली आणि तक्रार दाखल केली आहे.

यंदासाठी आम्ही दोन पानांचा करारनामा केला आहे. त्यात प्रत्येक कलाकाराचे नाव आणि वाद्य लिहायचे आहे, बदली कलाकार आमच्या लेखी संमतीशिवाय चालणार नाही, ध्वनिचाचणी उजेडात आणि आमच्या दोन सदस्यांसमोर व्हायची आहे. बिदागीचे तीन भाग केले आहेत: विसार, ध्वनिचाचणी नीट झाल्यावर दुसरा हप्ता आणि मध्यंतरात तिसरा, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर कलाकारांना आमच्या दारात ताटकळावे लागणार नाही. मद्यप्राशन केलेला कोणीही मंचावर चढला, तर दुसरा आणि तिसरा हप्ता देय राहणार नाही, असे स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. हे वाचून एका व्यवस्थापकाने फोन घेणेच बंद केले. दुसऱ्या संचाच्या प्रमुख बाई स्वतः गातात. त्यांनी सगळ्या अटी मान्य केल्या आणि स्वतःच्या दोन वाढवल्या: कलाकारांना संध्याकाळी सहाच्या आत जेवण मिळावे, आणि संस्थेच्या कोणाही सदस्याने त्यांच्या वादकांना "सोय केली आहे" असे सांगून गच्चीवर बोलावू नये. दुसरी अट सभेत वाचून दाखवली, तेव्हा दोन-तीन सदस्य खाली पाहू लागले. ती एकमताने मंजूर झाली.