इटालियन लंच बफे, सात महिन्यांनंतर: पास्ता नंतर, आधी पातेलं बघा

लोअर परळमधला बफे. बिलाची तक्रार अजून मिटलेली नाही, म्हणून नाव लिहीत नाही. सोमवार ते शुक्रवार, १२ ते ३:३०, माणशी ८९९ अधिक कर. सात महिन्यांपूर्वी हाच दर ७९९ होता. सूप, सॅलड, चार-पाच अँटिपास्ती (जेवणाआधीचे छोटे पदार्थ), लाइव्ह पास्ता, टेबलावर येणारा पिझ्झा, झाकणाखालचे सहा गरम पदार्थ आणि गोडाचे तीन-चार प्रकार. त्या भागातल्या कुठल्याही बफेत असतं तेच, म्हणून मेन्यू वाचून दाखवत नाही. बोलायचं आहे ते लाइव्ह काउंटरवरच्या पातेल्याबद्दल.

‘लाइव्ह’ म्हणजे पास्ता तुमच्यासमोर शिजतो असं नाही. सुका पेने (नळीसारखा पास्ता) शिजायला दहा-बारा मिनिटं लागतात, तेवढा वेळ रांगेत कोण उभा राहणार? म्हणून तो सकाळीच तीन चतुर्थांश शिजवून, गार करून, तेल चोळून फ्रिजमध्ये ठेवतात. तुमची पाळी आली की एक वाटीभर पास्ता जाळीच्या बास्केटमध्ये घालून उकळत्या पाण्यात तीस-चाळीस सेकंद बुडवायचा, निथळायचा आणि पॅनमध्ये सॉसबरोबर परतायचा. यात फसवणूक काही नाही, सगळीकडे असंच करतात आणि नीट केलं तर पास्ता उत्तम होतो. फक्त सगळा भार त्या पाण्यावर येतो. पाणी खळखळ उकळतं हवं आणि खारट हवं. घरी पास्ता शिजवताना १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ हा इटालियन हिशोब. इथे पास्ता पुन्हा बुडवतात, त्यामुळे पाणी अळणी असेल तर सकाळी आत गेलेलं मीठही थोडं बाहेर येतं.

सुरुवातीला माझं मत असं होतं की पाणी गढूळ दिसलं की काउंटर सोडायचा. हे मत अर्धं चुकीचं निघालं. प्रत्येक बास्केटमागे थोडा स्टार्च पाण्यात उतरतो आणि दीड वाजेपर्यंत पातेल्यात भाताच्या पेजेसारखं पाणी झालेलं असतं. ही पेज वाईट नाही. इटलीत सॉसमध्ये मुद्दाम एक डाव हेच पाणी घालतात, कारण स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं आणि सॉस पास्त्याला धरतो. गुन्हेगार पेज नाही, शेजारी ठेवलेला गार पाण्याचा जग आहे.

होतं काय, तर दाट पाणी फेसाळतं आणि उतू जाऊ लागतं. रांग लागलेली, चार बास्केट एकदम आत, त्यातला पास्ता थेट फ्रिजमधला. उकळी बसते. वरून फेस दाबायला काउंटरवाला जगातलं गार पाणी ओततो. खाली दोन किलोवॉटचं साधं इंडक्शन, ते कुठवर पुरं पडणार? उकळी परत येईपर्यंत पुढच्या चार बास्केट हजर. मग पास्ता कोमट पाण्यात नुसता भिजतो. बाहेरून लिबलिबीत, आतून गार. सकाळी चोळलेलं तेलही सुटत नाही, म्हणून सॉस घसरून बशीच्या तळाशी बसतो. जगातलं पाणी अळणी, त्यामुळे चव उतरते आणि ती भरून काढायला सॉसमध्ये मीठ, ओरेगानो आणि चिली फ्लेक्सचा मारा होतो. वरून खारट, चावल्यावर अळणी. असा पास्ता खाल्ला असेल तर तो सॉसचा दोष समजू नका.

म्हणून वेळ महत्त्वाची. १२:१५ ते १ चांगलं. सव्वा ते सव्वादोन ऑफिसवाल्यांची झुंबड, तेव्हा काउंटरकडे फिरकू नका. अडीचनंतर काही वेळा पाणी बदलतात, काही वेळा नाही. बुडबुडे मधोमध फुटत असतील तर थांबा, नुसत्या कडेकडेने येत असतील तर पुढे चला. ‘भाऊ, उकळी येऊ द्या, घाई नाही’ असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. एका वेळी अर्धीच बास्केट मागा आणि पॅनमध्ये एक डाव गरम पाणी घालायला सांगा. एवढ्याने निम्मा फरक पडतो.

आकार पेने किंवा फुसिली. तेल चोळलेली स्पॅगेटी फ्रिजमध्ये गठ्ठा होऊन बसते आणि चाळीस सेकंदांत सुटत नाही. सॉसमध्ये आराब्याता घ्या. टोमॅटो, लसूण आणि सुकी मिरची ही मंडळी गरम राहून बिघडत नाहीत. व्हाइट सॉस मैद्याचा असतो, तो उभ्या-उभ्या घट्ट होतो, मग दुधाने सैल करतात, पुन्हा घट्ट होतो. तीनपर्यंत त्याची खळ होते. त्याच सॉसला इथे अल्फ्रेडो म्हणतात. मूळ रोमन अल्फ्रेडोत मैदा नाही, क्रीमही नाही, नुसतं लोणी आणि पार्मेझान. पिंक सॉस म्हणजे हीच खळ, लाल रंगाची. जैन पास्ता मागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की लसूण-कांद्याशिवायचा सॉस वेगळा बनवलेला नसतो, बाजूच्या डब्यातली साधी टोमॅटो प्युरी असते. पॅन आणि पाणी मात्र तेच, लसणीच्या सॉसचं. कटाक्षाने पाळणाऱ्यांनी पॅन बदलून मागावा, देतात.

आता झाकणाखालचे पदार्थ. पहिले दोन महिने माझा नियम होता: झाकण उघडायचं नाही. हा नियम बदलावा लागला, कारण लसान्या. भट्टीतून काढल्यावर लसान्या पंधरा-वीस मिनिटं मुरावाच लागतो, नाहीतर कापताना थर सरकतात. म्हणजे बफेत थांबून राहणं या पदार्थाला मानवतं. इथला पालक-रिकोटाचा लसान्या १:१५ ला जितका चांगला लागतो तितका ताजा असताना लागत नाही. वांग्याची पार्मिजाना, म्हणजे टोमॅटो-चीज घालून भाजलेले वांग्याचे थर, तशीच. मिनेस्ट्रोने सूपही तासभर मुरलं की सुधारतं. अँटिपास्तीतली कापोनाता, म्हणजे सिसिलीकडची आंबटगोड वांगी, गरम खायचीच नसते, ती दोनदा घ्या. याउलट रिसोत्तो. आर्बोरिओ तांदूळ अठरा-वीस मिनिटांत जमतो आणि पुढच्या दहा मिनिटांत बिघडतो. झाकणाखाली ठेवलेला रिसोत्तो म्हणजे चीज घातलेला गुरगुट्या भात. आजारी माणसाला चालेल.

एक बारीक गोष्ट. रोल-टॉप झाकण उघडलं की आत जमलेलं वाफेचं पाणी मागच्या कडेने खाली उतरतं. तिथला तुकडा घेऊ नका. आणि खाली अन्न गरम ठेवणाऱ्या जेल-इंधनाच्या डब्याची ज्योत आहे का, ते वाकून बघा. बाराला पेटवलेले काही डबे दोन-सव्वादोनला विझतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शिजलेलं गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावं असा एफएसएसएआयचा नियम आहे. वाफ दिसत नसेल, त्यात चिकन असेल, तर सोडा.

पिझ्झा टेबलावर मागवा, काउंटरवरचा नको. स्टीलच्या ट्रेवर तुकड्याखाली वाफ कोंडते आणि तळ ओला होतो. बेस अर्धवट भाजून ठेवलेला असतो, म्हणून ‘जास्त भाजा’ सांगावं लागतं. गार्लिक ब्रेड न मागता आधी येतो, आणि भरपूर येतो. का, ते सांगायला नको. परत पाठवा.

गोडात पन्ना कोत्ता (घट्ट बसवलेल्या क्रीमचा गोड पदार्थ) घ्यायची तर चमचा लावून बघा. जिलेटिनची तोंडात विरघळते. अगार-अगारची कडक होते, तुकडा पडतो आणि जिभेवर विरघळत नाही. इथली अगारची, म्हणजे शाकाहारींना चालेल, पण खाताना हे आपलं चायना ग्रासच आहे हे लक्षात येईल. तिरामिसूत सावोयार्दी बिस्किटांऐवजी स्पंज केक आहे. कॉफी बरी.

आणि शेवटी बिल. दोघांचे १,७९८. त्यावर न विचारता १०% सर्व्हिस चार्ज, १७९.८०. मग त्या बेरजेवर ५% जीएसटी, ९८.८९. एकूण २,०७६.६९. सर्व्हिस चार्ज काढला तर १,८८७.९०. फरक १८८.७९, ज्यातले ९ रुपये सर्व्हिस चार्जवरच्या कराचे. (मोठ्या हॉटेलात, जिथे खोलीचं भाडं ७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी १८% लागतो, तिथे हा खड्डा आणखी खोल.) केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. ‘सिस्टीममधून निघत नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे. निघतो. बिल रद्द करून नवीन काढतात, मॅनेजरचा पासवर्ड लागतो एवढंच. पैसे देण्याआधी सांगा, कारण कार्ड स्वाइप झाल्यावर परताव्यासाठी हेलपाटे पडतात. नाहीच ऐकलं तर बिलाचा फोटो काढा आणि १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. ज्याने उकळी येईपर्यंत थांबून नीट पास्ता दिला, त्याच्या हातात पन्नास रुपये वेगळे ठेवा. ते सर्व्हिस चार्जमधून त्याच्यापर्यंत पोचतीलच असं नाही.

८९९ ला जावं का? मंगळवार ते गुरुवार, सव्वाबाराला, होय. शुक्रवारी नाही. आणि आत शिरल्यावर टेबल पकडण्याआधी काउंटरवर एक नजर टाका. जग पातेल्याशेजारीच भरून ठेवलेला दिसला, तर त्या दिवशी लसान्या.