घरच्या नाटकासाठी कापड घ्यायचं तर मंगळदास मार्केट

आधी निकाल सांगून टाकते, कारण हे वाचणाऱ्या आयांना स्वयंपाक खोळंबलेला असेल. मे महिन्यात घरी मुलांचं नाटक बसवणार असाल तर भाड्याचे ड्रेस आणू नका. मुंबईतल्या मंगळदास मार्केटला जा, मांजरपाट (कोरं, जाडंभरडं सुती कापड) आणि अस्तर मीटरवर घ्या, आणि तालमीच्या पहिल्याच दिवशी ते मुलांच्या अंगावर चढवा. आमचं यंदाचं नाटक उभं राहिलं ते त्या कापडामुळे, असं मी छातीठोकपणे सांगते.

आम्ही मरोळ गावठाणातल्या चौघीजणी, सगळ्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती. मुलं सात, वय वर्षं सहा ते बारा. दर मे महिन्यात आमच्या ओटीवर एक छोटं नाटक होतं. गावठाणातल्या क्रुसाचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, संपतो त्या संध्याकाळी, प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटून झाले की सगळे आमच्याकडे येतात. मुलं इंग्रजी शाळेत जातात, धर्मशिक्षणही इंग्रजीतूनच घेतात. पण समोर खुर्चीवर बसलेल्या आज्यांना बायबल मराठीत ऐकायचं असतं. म्हणून नाटक मराठीत. 'जक्कय उंबराच्या झाडावर चढला' हे वाक्य सहा वर्षांच्या पोराने न अडखळता म्हटलं, की माझी सासू पदराने डोळे पुसते. त्या एका वाक्यासाठी आठ दिवस गेलेले असतात.

गेल्या वर्षी आम्ही दावीद आणि गल्याथ केलं तेव्हा ड्रेस भाड्याने आणले होते, उपनगरातल्या एका दुकानातून. एका ड्रेसला दोन दिवसांचे चारशे, शिवाय अनामत. ड्रेस आला नाटकाच्या आदल्या संध्याकाळी. दावीदने तो घातला आणि हातच वर करेना, कारण बाही काखेत धरत होती. गोफण फिरवायची कशी? कापड सगळं पॉलिस्टर, मे महिन्याचा उकाडा, त्यात गल्याथला मानेवर घामोळं उठलं. महिनाभर टी-शर्टमध्ये तालीम केलेली मुलं त्या दिवशी एकमेकांकडे परक्यासारखी बघत होती. परत करताना एका बाहीची शिवण उसवली म्हणून अनामतीतून पैसे कापले. पैशांचं मी विसरले असते. दावीदचा पडलेला चेहरा मात्र विसरता येत नाही.

यंदा संत गोन्सालो गार्सिया करायचं ठरलं. आपल्या वसईचे. भारतात जन्मलेले पहिले संत, १८६२ साली संत म्हणून घोषित झाले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरगेलेसे असताना जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातले व्रतस्थ, झाले आणि दुभाषी म्हणून परत जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना आणि आणखी पंचवीस जणांना क्रुसावर मारलं. त्या सव्वीस जणांत सगळ्यात लहान लुईस इबाराकी, फक्त बारा वर्षांचा. आमच्या मुलांना वसईजवळच्या गास गावातलं गोन्सालोंच्या नावाचं चर्च माहीत होतं, मावशीच्या घराजवळचं म्हणून. त्या नावाचा माणूस बोटीतून जपानला गेला होता हे ऐकून सगळी ताठ बसली.

म्हणजे आम्हाला हवे होते तीन ब्रदरांचे झगे, जपानी माणसांचे कपडे आणि एक समुद्र.

मरोळ नाक्यावरून मेट्रो ३ आता थेट काळबादेवीला जाते, त्यामुळे घाटकोपरला गाडी बदलून धक्के खात जाण्याचं संपलं. स्टेशनवरून विचारत विचारत शेख मेमन स्ट्रीट गाठायची, की मंगळदास मार्केट समोर. रविवारी बंद असतं, मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) आटोपून जाऊ म्हणाल तर फुकट हेलपाटा होईल. मी माझ्या धाकट्याला, म्हणजे आमच्या गोन्सालोला, मुद्दाम सोबत नेलं होतं. सकाळी गाळे उघडता उघडता गेलं तर गल्ल्यांतून धड चालता येतं आणि दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. दुपारनंतर लग्नाची खरेदीवाली मंडळी घुसतात, मग दोन मीटर मागणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही. छपराखाली गल्ल्याच गल्ल्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी घातलेल्या गाद्या, मागे छतापर्यंत ताके. नव्या कापडाच्या खळीचा वास नाकात जातो.

मी साटीन घ्यायला गेले होते हे कबूल करते. तपकिरी, चमकणारं, फोटोत छान दिसेल असं. ज्या गादीवर बसलो तिथले काका सत्तरीचे असावेत, गुजराती वळणाचं मराठी. त्यांनी साटीनचा ताका काढलाही, पण उलगडण्याआधी विचारलं, "बेन, कोणाचा ड्रेस करायचा?"

"साधूचा," मी म्हटलं. फ्रान्सिस्कन ब्रदर म्हणजे काय ते तिथे कुठे सांगत बसू?

त्यांनी ताका परत ठेवला. "साधूला चकचकीत कशाला? तो तर मागून खाणारा." आणि खालच्या फळीवरून मांजरपाट ओढलं. कोरं, पिवळट, मध्ये मध्ये सरकीचे काळे ठिपके. पन्हा चव्वेचाळीस इंच. साटीनच्या निम्म्याहून कमी भाव, सत्तर रुपये मीटर. म्हणजे समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला हा माणूस स्वतःहून स्वस्त माल दाखवत होता. "रंग घरी द्या. चहात बुडवा. आणि शिवायच्या आधी एक पाणी काढा, हे आटतं." मग धाकट्याला गादीवर उभं केलं, कापडाचं टोक त्याच्या खांद्यावर टाकून घोट्यापर्यंत सोडलं, तसंच मागून, आणि म्हणाले, "एका पोराला अडीच मीटर. तीन पोरं, आठ मीटर घ्या, उरलेल्यात टोप्या होतील." मीटरपट्टीवर भराभर मापलं, कात्रीने काठाला एक बारीक चीर दिली, दोन्ही हातांनी धरून ओढलं. चर्र करत कापड सरळ रेषेत फाटत गेलं. माझा मुलगा त्या आवाजाकडे तोंड उघडं टाकून बघत होता. घरी येऊन पहिली गोष्ट त्याने आजीला ती सांगितली.

घरी आल्यावर कापड रात्रभर पाण्यात ठेवलं, सकाळी वाळवलं, दुहेरी घडी घातली, मधोमध गळा कापला, बाजूंनी दोन शिवणी मारल्या. कळी नाही, कॉलर नाही. कुठल्याही नवशिक्या बाईला एका दुपारी तिन्ही झगे जमतील. रंगाचं मात्र ऐका: नुसत्या चहाने बिस्किटासारखा रंग आला, फार फिका. मग पानवाल्याकडून कात आणला, गरम पाण्यात विरघळवून त्यात थोडी तुरटी टाकली, आणि अर्ध्या तासात मातीसारखा खरा तपकिरी रंग बसला. आमच्या गच्चीवर त्याच दिवशी बॉटल मसाल्याच्या, म्हणजे आम्हा ईस्ट इंडियनांच्या वर्षभराच्या मसाल्याच्या, मिरच्या वाळत होत्या. झगे शेजारच्याच दोरीवर घातले, त्यामुळे पहिल्या तालमीला तिन्ही ब्रदर शिंकत होते. दोन दिवस मोकळ्या वाऱ्यावर टांगले तेव्हा वास गेला. मसाल्याच्या आठवड्यात झगे वाळवू नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. झगे तालमीच्या पहिल्याच दिवशी तयार होते. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून जाड सुती दोर आणला होता. फ्रान्सिस्कन दोराला तीन गाठी असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. मुलांना एकेका गाठीचा अर्थ सांगितला आणि गाठी त्यांनाच मारायला लावल्या. त्या दिवसापासून महिनाभर माझा धाकटा तालमीला आला की आधी कोपऱ्यात उभा राहून दोर कमरेला बांधायचा, तिन्ही गाठी बोटाने चाचपायचा आणि मगच बोलायला लागायचा. मी त्याला हे शिकवलं नव्हतं. एरवी ज्याचं पाऊल जमिनीवर ठरत नाही तो पोरगा झगा चढवला की सावकाश चालायचा, कारण झगा पायात येतो. संवाद पाठ करून घ्यायला मला या वर्षी ओरडावं लागलं नाही. भाड्याच्या ड्रेसमध्ये हे होऊच शकत नाही, कारण तो आदल्या दिवशी येतो.

निळं अस्तर सहा मीटर घेतलं, पन्नास रुपये मीटर. दोन टोकांना दोन मुली. त्या हलवतात तेव्हा तो वसईपासून जपानपर्यंतचा समुद्र, जमिनीवर पसरलं की नदी, खुर्च्यांवर टाकलं की नागासाकीची टेकडी. क्रूस दाखवायचे का यावर आम्ही चौघी दोन रात्री बोललो. सहा वर्षांचं पोर आहे, समोर त्याची आजी. शेवटी ठरलं की दाखवायचे नाहीत. मुलं हात पसरून टेकडीपाशी ओळीने उभी राहतील आणि सगळ्यात लहान लुईस विचारेल, "माझा क्रूस कोणता?" त्याने तसं विचारल्याचं सांगतात. त्यानंतर मुली अस्तर हळूहळू वर उचलत नेतात आणि सगळी त्याच्यामागे झाकली जातात. नाटकाच्या दिवशी ओटीवर तेव्हा फक्त पंख्याचा आवाज होता.

जपानी पोशाखाचं कापड दुसऱ्या गल्लीतून घेतलं, मोठ्या फुलांचं छापील, एकशेवीसने पाच मीटर. इथे मात्र फसगत झाली. रंग पक्का आहे का हे विचारायचं राहिलं, आणि पहिल्या धुण्यात लाल फुलं पसरून सगळं गुलाबी झालं. फाडलेलं कापड परत घेत नाहीत, बदलूनही देत नाहीत, हे सगळ्या बाजाराचंच आहे. तेव्हा रंगीत कापड घेताना एक कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर चोळून बघा, दुकानदार नाही म्हणत नाही. आणि रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, गल्लीच्या तोंडाशी उजेडात नेऊन बघा.

आणखी त्रास म्हणजे आत हवा नाही. लहान मूल सोबत असेल तर पाण्याची बाटली न्याच. काही गाद्यांवर फक्त ठोक, अख्खा ताका घ्या म्हणतात. तिथे वेळ घालवू नका, पुढे चला. घासाघीस फार होत नाही, मीटरमागे पाच-दहा रुपये सुटले तर सुटले. टोपी-मुकुटाचा सोनेरी कागद इथे शोधू नका, तो जवळच अब्दुल रेहमान स्ट्रीटवर मिळतो.

एक गोष्ट बाजारात मिळण्यासारखी नव्हतीच. गोन्सालोच्या आईला काय नेसवायचं? सासूने पेटी उघडून तिचं चौकडीचं लुगडं काढून दिलं, लग्नातलं. बारा वर्षांच्या माझ्या पुतणीला तिने स्वतः नेसवलं, निऱ्या घालताना तोंडाने पुटपुटत होती. वसईच्या बंदरावर मुलाला निरोप देणारी आई त्या लुगड्यात आली तेव्हा मागच्या खुर्च्यांवरच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या एकदम "अगं बाई!" म्हणाल्या. मुलीने जरा थांबून मग संवाद म्हटला. हे थांबणंही तालमीत नव्हतं.

हिशेब: मांजरपाट पाचशे साठ, अस्तर तीनशे, छापील सहाशे, दोर साठ. एकूण पंधराशे वीस, चौघींत तीनशे ऐंशी. गेल्या वर्षी भाड्याचेच अठ्ठावीसशे गेले होते, आणि हातात काही उरलं नव्हतं. यंदाचे झगे धुऊन ट्रंकेत ठेवलेत, मेंढपाळांना नाताळात होतील.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी परत गेले, फोनमध्ये फोटो घेऊन. काकांनी चश्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा करून बघितला. "रंग चांगला बसला," म्हणाले. मग बोट ठेवून विचारलं, "गाठी तीन कशाला?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, फोन परत दिला आणि विचारलं, आता काय करणार.

पुढच्या मे महिन्यात योना, मी म्हटलं. माणसाला गिळणारा मासा.

"पोरगा पूर्ण आत जाणार?"

"पूर्ण. आणि तीन दिवसांनी बाहेर."

त्यांनी राखाडी अस्तराचा ताका काढून गादीवर उलगडायला घेतला. पाठीला दोन पन्हे जोडावे लागतील, शेपटी वेगळी, तोंड आतून लाल हवं असं त्यांचंच म्हणणं पडलं. नऊ मीटर राखाडी आणि एक मीटर लाल घेऊन आले. लालाचा कोपरा ओला करून रुमालावर चोळून बघितला; रंग पक्का आहे.