वजा चिन्ह न ओळखणारे धरणसाठ्याचे अ‍ॅप

धरणांतील पाणीसाठा रोजच्या रोज मोबाइलवर दाखवणारे एक मोफत अ‍ॅप मी वर्षभर वापरले. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण अशा इतर अ‍ॅपमध्येही मला हाच दोष आढळला आहे: टक्केवारी ठळक अक्षरांत असते, पण ती कशाची, हे कुठेच लिहिलेले नसते.

उजनीचे पान उघडले की हे लगेच लक्षात येते. उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यांपैकी साधारण ६३.५ टीएमसी मृतसाठा (तळाचे, एरवी वापरात न धरले जाणारे पाणी) आणि ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा, म्हणजे मृतसाठाच मोठा. टक्केवारी काढली जाते ती उपयुक्त साठ्यावर, आणि पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेले की ती उणे होते. त्यामुळे ‘उजनी वजा ५० टक्के’ अशी बातमी येते तेव्हाही धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी असते. या अ‍ॅपला वजा चिन्हच ठाऊक नाही. साठा उणे झाला त्या दिवशी पडद्यावरची निळी टाकी रिकामी झाली, तिच्याखाली ‘०.००’ उमटले आणि पावसाळ्यात आवक वाढून साठा पुन्हा अधिकमध्ये येईपर्यंत ते तसेच राहिले. पातळीवर रोज नजर ठेवण्याची खरी गरज होती, नेमके तेच आठवडे कोरे गेले.

जायकवाडीचे पान त्या मानाने उजवे आहे. पाण्याची पातळी फुटांत दिली असून पूर्ण संचय पातळी, म्हणजे १,५२२ फूट, शेजारीच लिहिली आहे. आवक आणि विसर्गही क्युसेकमध्ये (घनफूट प्रतिसेकंद) वेगवेगळे दाखवले आहेत, त्यामुळे वरच्या धरणांतून सोडलेले पाणी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पोचू लागले की ते आकड्यांवरून ओळखता येते. बाष्पीभवनाचा रकाना मात्र नाही. पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरणाऱ्या या उथळ जलाशयातून एक सेंटीमीटर पाणी उडून गेले, तरी ३५ लाख घनमीटरची घट होते. कालव्याचे आवर्तन बंद असतानाही साठा का उतरतो, याचे उत्तर त्या एका रकान्यात मिळाले असते.

जाहिराती नाहीत, अ‍ॅप झटकन उघडते. गतवर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करणारा आलेख उपयोगी आहे. अर्थात गतवर्ष दुष्काळी असेल, तर बेताचा साठाही त्यात भरघोस दिसतो, म्हणून शेजारी दहा वर्षांची सरासरी हवी होती. सुट्टीच्या दिवशी कालचाच आकडा आजच्या तारखेने दिसतो, हे मला उजनीच्या शून्याइतकेच खटकले, कारण जुनी नोंद जुनी म्हणून दाखवायला काहीच खर्च येत नाही.

पाचपैकी तीन तारे देतो, तेही जायकवाडीच्या पानामुळे. वजा चिन्हाविषयीची सूचना मी अ‍ॅपमधूनच सविस्तर लिहून पाठवली होती. उत्तरात अ‍ॅप आवडल्याबद्दल माझे आभार मानण्यात आले.